आधी जागा, मग वास

कासिमचाचा अत्तारांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो उदबत्तीचा एक पुडा आणायला. चाचांनी पुडा दिला नाही. त्यांनी वरच्या फळीवरून बोटभर उंचीची एक निळी शिशी काढली, बूच उघडलं, ती माझ्या हनुवटीखाली धरली आणि म्हणाले, "हुंगा."

"मला उदबत्ती पाहिजे," मी म्हणालो.

"ते मागून. आधी हुंगा. काय हाय ह्याच्यात?"

मी पाटोद्याच्या तहसील कचेरीत नुकताच कारकून म्हणून बदलून आलो होतो. उर्दूत मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, लिहिणं, त्यांना दोरा बांधणं आणि साहेबांच्या खोकल्यावरून त्यांचा मिजाज ओळखणं एवढंच मला येत होतं. हुंगण्याची परीक्षा आजवर कुणी घेतली नव्हती. मी गोंधळून इकडंतिकडं पाहिलं. ओट्यावर एक बाई पाटी घेऊन बसली होती. तिनं आवाज न करता नुसत्या ओठांनी मला उत्तर सांगितलं.

"मोगरा," मी म्हणालो.

"बराबर! नाक शाबूत हाय," चाचा म्हणाले. मला हायसं वाटलं, पण ते उगाच. कारण लगेच दुसरा सवाल आला. "घरात पडदा हाय का?"

पडदा होता. मग तो सुती की रेशमी, देव्हारा त्याच्यापासून किती हात, देव्हाऱ्यावर खिडकीचा वारा येतो का, मांजर पाळलंय का, पाळलं नसलं तरी शेजारचं येतं का, उदबत्ती कशात खोचता, राख कुठं पडते, ती लावून कुटुंब पाण्याला जातं का, अशी उलटतपासणी झाली. कचेरीत फौजदारीच्या मिसलींतही मी इतके सवाल पाहिले नव्हते. शेवटी पुडा हातात पडला. वर मूठभर वाळूची पुरचुंडी. "ताटलीत घाला. त्याच्यात खोचा. ध्यानात ठेवा मुन्शीजी, आधी जागा, मग वास."

घरी आल्यावर हा सगळा प्रकार मी गोदावरीला सांगितला. ती म्हणाली, "तुम्हाला मुलगी देताना माझ्या बापानं एवढी चौकशी केली नव्हती." मग थोडं थांबून म्हणाली, "करायला पाहिजे होती."

ओठांनी उत्तर सांगणारी ती बाई म्हणजे शेवंताबाई. जवळच्या वस्तीवरून दर बाजारी भाजी घेऊन यायची आणि जाताना चाचांकडून कुंकू नाहीतर लोबान न्यायची. पुढं एकदा मी तिला विचारलं, की बाई, तो शिशीचा काय प्रकार? तेव्हा ती म्हणाली, "चाचीच्या हातचं तेल हाय त्ये. मोगऱ्याचं. डोईला लावायची, लई वास यायचा. साथीचा ताप आलता बघा, त्यात चाची गेली. तवापासून चाचा शिशी समद्यांच्या नाकाला लावत्यात. मोगरा म्हनायचं, सामान घ्यायचं, घरला जायचं."

आणि गावही तसंच करायचं. शिशी कुणी हुंगतच नव्हतं. ती हनुवटीशी आली की तोंडातून मोगरा निघायचा. पडशानं नाक गच्च झालेला माणूसही मोगरा म्हणायचा. एक घाईतला गाडीवान तर रस्त्यावरूनच ओरडला, "चाचा, मोगरा! बुक्का द्या!" त्याला मात्र चाचांनी गाडी सोडून वर यायला लावलं. मीही कधी नाक पुढं केलं नाही. उगाच कशाला? उत्तर पाठ होतं आणि मला घरी जायचं असायचं.

एकच माणूस नापास झाला. नवा आलेला पोलीस जमादार. तो ईदेसाठी अत्तर घ्यायला आला, त्यानं शिशी हातात घेऊन चांगली हुंगली आणि रोखठोक सांगून टाकलं, "तेल आहे. शिळं."

चाचा अगदी अदबीनं म्हणाले, "जमादारसाहेब, तुमचं नाक बिघडलंय. हकिमाला दाखवा." आणि अत्तर दिलं नाही. जमादारानं अत्तर बीडहून आणवलं आणि वर्षभर चाचांशी बोलला नाही. त्या दिवशी मागून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चाचा एकदा सोडून दोनदा विचारत होते, "मोगराच ना? नक्की?" आम्ही मागं खूप हसलो. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

आता चाचांचं दुकान कसं होतं ते सांगतो. हळद, कुंकू, बुक्का, शिकेकाई, ऊद, लोबान, वाळ्याचं तेल, कापसाच्या बोळ्यावर मिळणारं अत्तर, सगळं एका माणसाला पाय पसरता येणार नाहीत एवढ्या जागेत. हिंदूंच्या देव्हाऱ्यात आणि दर्ग्याच्या चादरीवर एकाच दुकानाचा वास. पण चाचांची खरी कमाई म्हणजे त्यांच्या मेणबत्त्या. बालाघाटाच्या डोंगरातून मध काढणारे लोक मेण आणून द्यायचे. चाचा ते वितळवायचे, त्यात वाळ्याचं नाहीतर चंदनाचं तेल घालायचे आणि बांबूच्या नळीत ओतायचे. ती मेणबत्ती लावली की खोलीत पाणी शिंपडल्यासारखं गार वाटायचं. दुसरे अत्तार हुंगून हुंगून मिसळतात. चाचा मात्र थेंब मोजायचे. ओठ हलवत, एक, दोन, तीन. मला वाटायचं, माणूस हिशेबी आहे.

मेणबत्ती विकत घेणं म्हणजे चाचांना घरी बोलावणं. ते स्वतः येऊन जागा नेमून द्यायचे. कमरेला एक छोटी कातर असायची. वात ज्वारीच्या दाण्याएवढी ठेवायची, त्याहून लांब झाली की काजळी धरते, असं म्हणून ते दुसऱ्याच्या घरची वात आपल्या हातानं कातरायचे. पडद्यापासून दोन हात लांब. हात म्हणजे चाचांचा हात. तुमचा चालायचा नाही. खिडकी थोडी उघडी, पण वारा ज्योतीवर नको. तेलाची शिशी दिव्याच्या कोनाड्यात ठेवलेली दिसली की ते ती उचलायचे आणि घरच्या बाईच्या हातात द्यायचे. "बहेन, ह्या दोघांचं लगीन लावू नका." जळत्या दिव्यात वरून तेल ओतायचं नाही. अत्तर लावून चुलीपुढं बसायचं नाही. आणि खोलीतून माणूस उठला की दिवाही निवला पाहिजे. "वासाला काय, तो मागं ऱ्हातोच. आग ठेवून कशाला जाता?"

एका पाटलानं लेकीच्या लग्नाला वीस मेणबत्त्या नेल्या. चाचा गाडीत बसून बरोबर गेले. लग्न लागलं, पंगती उठल्या, वरात निघाली, चाचा मात्र मांडवाच्या खांबापाशी कातर घेऊन उभे. कुणी जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "तुमी जेवा, मी बघतो." नारायणगडाच्या जत्रेत तर त्यांनी कमालच केली. एक शेतकरी कडब्यानं भरलेल्या गाडीत उदबत्त्यांचा जुडगा पेटवून खोचून गडाकडं निघाला होता, भक्तिभावानं. चाचा धावत जाऊन गाडीवर चढले आणि जुडगाच उपटला. शेतकरी खवळला. "देवाचं हाय बे ते!" चाचा म्हणाले, "देवाला वास द्या की, कोन न्हाई म्हनतं? कडब्याला कशाला देता?" भांडण इतकं रंगलं की गाडीमागं पन्नास माणसं अडली. पण शेतकऱ्यानं उदबत्त्या हातात धरल्या आणि पुढची वाट चालत गेला.

गाव म्हणायचं, चाचांना आगीचं खूळ लागलंय. मीही तेच म्हणायचो.

मग आमच्याकडं मुलगा झाला. लग्नानंतर सात वर्षांनी, दोन बाळं हातची गेल्यावर. मी तसा कोरडा माणूस, पण बारशापर्यंतच्या तेरा दिवसांत कचेरीतल्या शिपायालासुद्धा मी दोनदा पेढा दिला होता. बारशाला चाचा स्वतःहून दोन वाळ्याच्या मेणबत्त्या घेऊन आले. सकाळपासून त्यांनी घराचा ताबा घेतला. पाळणा ओसरीच्या तुळईला बांधला होता. त्यांनी परातीत वाळू घातली, मेणबत्त्या उभ्या केल्या, पाळण्यापासून हात मोजले, पडदा सोडवून घडी करून ठेवला. माझ्या सासूबाईंना विचारलं, "धुरी?"

"ती सकाळीच झाली," सासूबाई म्हणाल्या. खरंच झाली होती.

नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. बायका आत जेवायला बसल्या, मी वाढायला. बाळ झोपलं होतं. चाचा म्हणाले, "तुमी समदे जेवा. मी दिव्यापाशी बसतो." गावातल्या सगळ्यात सावध माणसाच्या हवाली बाळ करून आम्ही आत गेलो.

मध्येच सासूबाई उठल्या आणि त्यांनी धुपाटण्यात लोबान घालून ते चाचांना दिसणार नाही अशा पलीकडच्या बाजूनं पाळण्याखाली सरकवलं. एवढ्या बायका बाळाला बघून गेल्या, दृष्ट लागली असेल, म्हणून. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? आमच्याकडं सगळ्याच आज्या तसं करतात.

वरणाचं पातेलं हातात असतानाच मला चिंधी जळाल्याचा वास आला. पंगतीतल्या बायकांनीही माना वर केल्या. गोदावरी आतल्या खोलीतून ओरडली, "अहो, काय करपतंय?" मी पातेलं टाकून ओसरीवर धावलो. पाळण्यातून दुपट्याचं टोक खाली लोंबलं होतं, धुपाटण्याला टेकलं होतं आणि आतल्या आत धुमसत वर चाललं होतं. जाळ नव्हता. धूर होता, पण लोबानाच्या धुरात मिसळलेला. आणि त्याच्यापासून दोन हातांवर कासिमचाचा बसले होते. कातर हातात. डोळे मेणबत्तीच्या वातीवर. चेहऱ्यावर समाधान.

मी बाळ उचललं, तांब्यातलं पाणी दुपट्यावर ओतलं. बाळाला काही झालं नव्हतं. अंगावर पाणी उडालं म्हणून रडलं तेवढंच. दुपटं तळहाताएवढं काळं झालं होतं. चाचा उभे राहिले. त्या काळ्या डागाकडं पाहत राहिले.

"डोळं फुटलं व्हतं का?" सासूबाई कडाडल्या. "आन् नाक? मसणात गेलतं का नाक? आतल्या बायांना वास आला, तुमाला बसल्या जागी आला न्हाई?"

चाचांनी कातरीनं दोन्ही वाती विझवल्या, चपला घातल्या आणि गेले. मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू? सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारा माणूस, आणि माझं बाळ त्याच्या डोळ्यांपुढं जळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाजार होता. शेवंताबाई बंद फळ्यांपुढं पाटी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "मुन्शी, बघा की जरा. मानूस हाय का न्हाई आत?"

कचेरी सुटल्यावर मी मागच्या दारानं गेलो. मनात चार शब्द सुनावायचे असं होतं. चाचा सामान बांधत होते. पोती, पुडे, बांबूच्या नळ्या.

"बीडला भावाकडं चाललो," ते म्हणाले. "ज्याला जळलेलं कळत न्हाई, त्यानं वास विकू नाही."

"चाचा, असं होतं एखाद्या वेळी. लक्ष नसतं."

"लक्ष व्हतं, मुन्शीजी. नाक न्हवतं." ते पोत्यावर बसले. "साथीचा ताप आलता ना, त्यो मलाबी आलता. मी उठलो, ती न्हाई उठली. आन् माझं नाकबी तिच्यासंगं गेलं. अत्तराचा न्हाई, चिखलाचा न्हाई, कशाचाच वास न्हाई. म्हनून डोळ्यांनी बघत फिरतो लोकांच्या घरी. म्हनलं, मला आग हुंगता येत न्हाई, तर आधी जागाच नीट करून टाकू."

सुनावायचे चार शब्द कुठल्या कुठं गेले. ती थेंबांची मोजणी मला आता कळली.

त्यांनी निळी शिशी काढली आणि दोन्ही हातांत धरली. "ह्यो तिच्या केसांचा वास. माझ्या घरात ती हाय का न्हाई, ते मला दुसऱ्याला विचारावं लागतं. समदे म्हनतात मोगरा. पन मी तोंडं बघतो. चांगला वास आला की मानूस डोळे मिटतो, फिरून एकदा नाक नेतो. ह्या शिशीला दुसऱ्यांदा नाक कुनी नेत न्हाई. लई वर्सं झाली." त्यांनी शिशी माझ्यापुढं धरली. "तुमी लिहिनारा मानूस. खरं सांगा. हाय का? नसंल तर दुकान कुनासाठी मांडू? भावाच्या घरी भाकर खाऊन पडंन."

मी शिशी घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखर हुंगली. जमादार खरं बोलला होता. खवट तेलाखेरीज त्यात काही उरलं नव्हतं. मोगऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. चाचा माझ्या तोंडाकडं टक लावून पाहत होते.

"मोगरा," मी म्हणालो.

"डोळे न्हाई मिटले तुमी."

"मी सरकारी कारकून आहे, चाचा. आमचे डोळे असे तसे मिटत नाहीत."

ते पहिल्यांदा हसले. मग उठले आणि बांधलेलं एक पोतं सोडू लागले.

घरी येऊन मी गोदावरीला सगळं सांगितलं. सासूबाईही ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "धुपाटणं मी ठेवलतं. त्यास्नी सांगितलं न्हाई, चूक माझी." पण मला झोप लागेना. उद्या कुणी दुसरा जमादार येईल. आणि तो नाही आला तरी चाचा तोंडं बघतच राहणार.

पुढच्या बाजारी मी दुकानात गेलो. शिशी हनुवटीखाली आली, मी "मोगरा" म्हणालो आणि मोगऱ्याचं अत्तर मागितलं.

"तुमी? अत्तर?" चाचांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग नेहमीचा सवाल केला. "जागा?"

"चांगली आहे," मी म्हणालो. "वरची फळी. दिवा जवळ नाही, चूल जवळ नाही. ऊन येत नाही. मांजर पोचत नाही."

"पडदा?"

"नाही."

"आन् घरात मानूस असतं ना ध्यान द्यायला?"

"असतं," मी म्हणालो. "सारखं ध्यान देतं."

"मग बेफिकीर न्या," चाचा म्हणाले. त्यांनी थेंब मोजून छोट्या शिशीत अत्तर दिलं. तेवढ्यात अजान झाली. दुकान माझ्यावर सोपवून ते नमाजाला गेले.

मी निळी शिशी खाली काढली. खवट झालं तरी ते चाचीच्या हातचं तेल होतं. ओतून द्यायचा मला काय हक्क? ते तसंच ठेवलं आणि वर विकत घेतलेलं सगळं अत्तर ओतलं. शिशी फळीवर जिथल्या तिथं ठेवली. हात लपवत ओट्यावर येऊन बसलो, कारण हातालाही वास लागला होता. मग आठवलं, की ज्याच्यापासून लपवायचं त्याला तो येतच नाही.

चाचा परत आले, आणि मागोमाग पाटी रिकामी करून शेवंताबाई. तिला लोबान हवा होता. चाचांनी शिशी उघडून पुढं केली. शिशी हनुवटीशी पोचायच्या आत तिनं सवयीनं तोंड उघडलं, "मोग..." आणि थांबली. तिनं मान पुढं केली. डोळे मिटले. मग चाचांचा हात धरून शिशी जवळ ओढली आणि पुन्हा एकदा, सावकाश, नाक नेलं.

"मोगरा," ती म्हणाली. "चाचा, मोगरा हाय ह्यो!"

चाचा हललेच नाहीत. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "दोनदा नेलं. बघितलं तुमी?"

"बघितलं," मी म्हणालो.

त्यांनी बूच लावलं, पण शिशी फळीवर ठेवली नाही. ती डाव्या हातात तशीच धरून उजव्या हातानं लोबानाचा पुडा बांधला आणि शेवंताबाईला दिला. जागा विचारायची ते विसरून गेले.